पवळ्या कोणाशेजारी बांधावा?

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण ठाऊक नसलेला शेतकरी महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. कोणाचा मुलगा कामधंदा सोडून नाक्यावर बसू लागला, कोणाच्या तोंडी शिवी आली, की ही म्हण आपण नाक मुरडून म्हणतो. पण ज्या गोठ्यातून ही म्हण निघाली, त्याच गोठ्यातली दुसरी गोष्ट आपण विसरून जातो.

नवे खोंड औताला शिकवायचे असते, तेव्हा जाणता शेतकरी दोन खोंडे एका जुवाला जुंपीत नाही. तो एका अंगाला खोंड आणि दुसऱ्या अंगाला जुना, शांत, तासाला सरावलेला बैल जुंपतो. खोंड उधळू पाहते, मान काढू पाहते, वाटेतच बसकण मारते. जुना बैल मात्र आपल्या चालीने चालत राहतो. चार दिवस ओढाताण होते. मग हळूहळू खोंडाचे पाऊल त्या पावलात पडू लागते. आसुडाने जे साधत नाही, ते शेजाऱ्याच्या चालीने साधते.

म्हणजे लागतो तो गुण वाईटच असतो असे नाही, चांगलाही लागतो. आज ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. पण हा प्रश्न घरोघर तसाच उभा आहे. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, शिक्षणासाठी तालुक्याला जाऊ लागला, की तो दिवसाचे आठ तास कोणाबरोबर असतो हे आईबापांना दिसत नाही. त्या आठ तासांवर पुढे घरची पत, आईची झोप आणि कधी कधी जमिनीचा तुकडाही अवलंबून राहतो. तेव्हा संगतीचा हा विषय एकदा नीट समजून घ्यायला हवा.

आढीतला आंबा आणि माणूस

आंब्याची आढी आपण घालतो. गवतात नीट मांडलेले कच्चे आंबे, आणि त्यांत एखादा लवकर पाडाला लागलेला. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण शेजारच्या आंब्याला लागला की तोही पिकू लागतो, मग त्याच्या शेजारचा. हाच नियम नासक्या आंब्यालाही लागू. त्याची बुरशी शेजाऱ्याला धरते, म्हणून आढी वरचेवर उलथून पाहावी लागते. कांद्याच्या चाळीतही आपण हेच करतो.

पण माणूस आंबा नव्हे. आंब्याला आपला शेजारी निवडता येत नाही, माणसाला येतो. मुलगा बिघडला की प्रत्येक घर म्हणते, “आमचा पोरगा गरीब हो, त्या अमक्याच्या नादाने बिघडला.” आणि त्या अमक्याच्या घरी नेमके उलटे बोलले जाते. खरे पाहता दोन्ही गोष्टी एकदम घडत असतात. सारखा सारख्याला शोधतो हे खरे, आणि एकत्र आल्यावर दोघे आणखी सारखे होतात हेही खरे. म्हणून केवळ दुसऱ्याच्या मुलाला दोष देऊन भागत नाही. आपल्या मुलाला ती संगत गोड का लागली, हेही पाहावे लागते.

चारचौघांत डोळेही फितूर होतात

संगतीचे बळ किती, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ च्या सुमारास एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले. एका कागदावर एक रेघ, दुसऱ्या कागदावर तीन रेघा. त्या तिघींतली कोणती रेघ पहिलीएवढी लांब आहे, एवढेच सांगायचे. एकट्याला विचारले तर चूक जवळजवळ होतच नसे. पण खोलीत सात-आठ जण बसवले होते, आणि एकाखेरीज बाकी सारे आधीच शिकवून ठेवलेले. ते ठरवून एकमुखाने चुकीची रेघ सांगत. बिचाऱ्या एकट्या विद्यार्थ्याची पाळी शेवटी किंवा शेवटच्या आधी येई. समोर खरे दिसत असूनही शंभरात सुमारे ३७ वेळा या विद्यार्थ्यांनी चारचौघांबरोबर चुकीचेच उत्तर दिले. पाऊण भाग विद्यार्थी एकदा तरी वाहवत गेले.

दारू नव्हती, पैसा नव्हता, भीती नव्हती. ओळखही नसलेल्या माणसांपुढे ही गत. मग रोजच्या मित्रांनी “एक घोट घे रे, काय होतंय” म्हटले, तर पोराची काय अवस्था होत असेल?

याच प्रयोगाचा दुसरा भाग मात्र धीर देणारा आहे. खोलीत एकच माणूस खरे उत्तर देणारा बसवला, तेव्हा चुकांचे प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आले. बाकीची सारी माणसे तीच होती. फक्त एक सोबती खरे बोलणारा मिळाला. आईबापांनी हे मनात कोरून ठेवावे. मुलाचे सगळे मित्र सज्जन असले पाहिजेत असा हट्ट नको. एक तरी मित्र “नाही” म्हणणारा हवा.

वयाचाही यात वाटा आहे. २००५ साली अमेरिकेतच केलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. एकटे असताना मुले आणि मोठी माणसे यांच्यात फारसा फरक दिसला नाही. मित्र बाजूला उभे राहून पाहू लागले, तसा १३ ते १६ वर्षांच्या मुलांचा धोका पत्करण्याचा कल झपाट्याने वाढला. चोविशी ओलांडलेल्यांवर मात्र मित्रांचा तसा परिणाम झाला नाही. घरी जपून मोटरसायकल चालवणारा आपला मुलगा तिघांना बसवून भरधाव का निघतो, त्याचे उत्तर यात आहे. तो खोटारडा नसतो. एकटा असताना तो वेगळा असतो, आणि मित्रांत वेगळा.

टारफुला उपटून जात नाही

ज्वारीच्या रानात टारफुला येतो. दिसायला नाजूक, फुलेही सुरेख. पण त्याचे काम जमिनीखाली चालते. त्याची मुळे ज्वारीच्या मुळांना चिकटतात आणि तिचा रस ओढून घेतात. टारफुला जमिनीवर दिसू लागतो, तोवर बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. वाईट संगतीचेही असेच. पहिली शिवी ऐकू येते, पहिली चोरी पकडली जाते, तेव्हा मूळ बरेच खोल गेलेले असते.

टारफुल्याची आणखी एक खोड आहे. त्याचे बी कित्येक वर्षे जमिनीत निपचित पडून राहते. ज्वारीच्या मुळांतून जो रस पाझरतो, त्याची चाहूल लागली तरच ते उगवते. पोराच्या बाबतीत ही चाहूल कशाची? रिकामा वेळ, घरात होणारा पाणउतारा, परीक्षेतले अपयश आणि एकटेपणा. नापास झालेल्या मुलाशी घरात कोणी धड बोलत नाही, आणि टपरीवर मात्र त्याला “ये भाऊ, बस” म्हणणारे असतात. मूळ तिथेच धरते.

टारफुला नुसता उपटून जात नाही, हे जाणता शेतकरी ओळखतो. तो पिकाची फेरपालट करतो. कापूस, भुईमूग यांसारख्या पिकांच्या मुळांची चाहूल लागूनही टारफुल्याचे बी फुटते. पण चिकटायला हवे ते मूळ मिळत नाही, आणि कोंब तसाच मरून जातो. माणसाच्या बाबतीतही फेरपालट हाच उपाय. “त्या पोरांत जायचे नाही” एवढे बजावून भागत नाही. मग जायचे कुठे, याचेही उत्तर द्यावे लागते. एक संगत सुटते ती दुसरी संगत मिळाली म्हणून.

पंधरा मिनिटांची भेट

याचा सर्वांत मोठा दाखला दारू सोडलेल्या माणसांनी दिला आहे. १९३५ च्या मे महिन्यातली गोष्ट. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा व्यापारी कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन या शहरी गेला होता. दारूपायी त्याने आयुष्य धुळीला मिळवले होते. काही महिन्यांपूर्वीच ती सोडली होती. हाती घेतलेले काम फिसकटले. परके गाव, खिसा रिकामा, आणि उतरला होता त्या हॉटेलातच दारूचा गुत्ता. पाय तिकडे वळू लागले. पण त्याने शहरातल्या धर्मगुरूंना टेलिफोन लावायला सुरुवात केली. त्याला उपदेश नको होता. त्याला बोलायला दुसरा दारुडा माणूस हवा होता!

तसा माणूस सापडला. त्याच गावचे शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ. ते भेटायला नाखूश होते, पंधरा मिनिटेच बसेन म्हणाले. प्रत्यक्षात दोघे कितीतरी तास बोलत बसले. आजवर डॉक्टरांना शहाणपण सांगणारे पुष्कळ भेटले होते. “माझेही असेच झाले” असे सांगणारा हा पहिलाच. यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. पण १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मंडळाचा जन्मदिवस मानला जातो. या मंडळाच्या बैठका आज जगभर भरतात, आपल्या महाराष्ट्रात मराठीतूनही भरतात. तिथे फी नाही. बसायचे, आपली हकीकत सांगायची, दुसऱ्याची ऐकायची.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे मोठे साहाय्य त्याला लाभले. तिथेही औषधोपचाराइतकाच भर सोबतीवर आहे. व्यसन सोडलेला माणूसच नव्याने आलेल्याचा हात धरतो. ज्याने ती वाट तुडवली आहे त्याचा शब्द पोटात उतरतो.

या गोष्टीतली मेख ध्यानात घ्या. बिल विल्सन दुसऱ्याला वाचवायला गेला आणि स्वतः वाचला. चांगली संगत शोधणे हा एक उपाय, आणि दुसऱ्याला चांगली संगत देणे हा त्याहून पक्का.

गावाचीच संगत बदलते तेव्हा

एका माणसाचे जे, तेच गावाचे. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी पन्नास वर्षांपूर्वी दुष्काळाने आणि हातभट्टीने पोखरलेले होते. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. त्यांनी आरंभ केला तो यादवबाबांच्या देवळापासून. स्वतःचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून देवळाची दुरुस्ती सुरू केली. माणसे आधी पाहायला आली, मग हात लावू लागली, मग तिथे बसू लागली. तरुणांचे मंडळ उभे राहिले. गुत्त्यावर बसणाऱ्यांना बसायला दुसरी जागा झाली. दारूबंदीचा निर्णयही देवळातच झाला, आणि पाणी अडवण्याचे, झाडे लावण्याचे श्रमदान त्याच मंडळींतून उभे राहिले.

खरे बोलायचे तर हे सारे गोडीगुलाबीने झाले नाही. दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे प्रसंग तिथे घडले, आणि त्यावर पुढे पुष्कळ टीकाही झाली. ती टीका योग्यच आहे. माराने माणूस आजच्यापुरता थांबतो. उद्या दुसऱ्या गावी जाऊन पितो. गाव टिकले ते रोज संध्याकाळी बसायला आणि सकाळी एकत्र राबायला मिळालेल्या सोबतीमुळे. याच गावी पुढे शाळा आणि वसतिगृह झाले, आणि इतर शाळांत नापास झालेल्या, कोणी घेईना अशा मुलांना तिथे मुद्दाम जागा दिली गेली. जी मुले चारी बाजूंनी ‘वाया गेलेली’ ठरली होती, त्यांना लवकर उठणारी, व्यायाम करणारी, अभ्यासाला बसणारी संगत मिळाली.

नगर तालुक्यातले हिवरे बाजारही असेच. १९८९ च्या सुमारास शिकलेल्या तरुण पोपटराव पवारांना गावाने सरपंच केले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान असे नियम एकेकट्याने पाळणे अवघड; साऱ्या गावाने ठरवले म्हणून ते पेलले. ॲशच्या खोलीत सर्वांनी मिळून खोटे सांगितले तर एकटा खोटे बोलतो. गावाने मिळून खरे धरले तर एकटा खरे धरतो. बळ तेच, दिशा तेवढी वेगळी.

वाईट संगत म्हणजे कोण?

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. ‘त्याच्यात मिसळू नको’ असे आपण मुलाला सांगतो, तेव्हा पुष्कळदा आपल्या मनात त्या पोराची चाल नसते. त्याची जात, त्याचा धर्म किंवा त्याच्या बापाची गरिबी असते. हा मोठा अन्याय आहे, आणि तोटाही आपलाच.

महात्मा जोतिराव फुले यांचे उदाहरण घ्या. लहानपणी त्यांची शाळा सुटली आणि ते वडिलांच्या हाताखाली मळ्यात काम करू लागले. त्या मुलाची हुशारी ओळखली ती गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी. एक मुसलमान, दुसरा ख्रिस्ती. त्यांनी वडिलांची, गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ च्या सुमारास जोतिराव पुन्हा शाळेत गेले. तिथे सदाशिव बल्लाळ गोवंडे हा ब्राह्मण मुलगा त्यांचा जिवाभावाचा मित्र झाला. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा असे मित्र पाठीशी होते. गोविंदरावांनी ‘आपल्यातल्यांतच राहा’ असे बजावून मुलाला दारातच अडवले असते, तर आपल्या लेकीबाळींचे काय झाले असते, याचा विचार करावा.

तेव्हा संगतीची पारख जातीवरून किंवा कपड्यांवरून करू नका. तीन साध्या खुणा पाहा. त्या मित्रांकडून मुलगा घरी येतो तेव्हा त्याची नजर सरळ असते की चुकवतो? चुकीच्या वेळी त्याला “हे नको करू” म्हणणारा त्यांच्यात कोणी आहे का? आणि घरात आजारपण आले, सुगीत हात कमी पडला, तर त्यांतले कोण दारात येते? चहाला जमणारे दहा मित्र आणि मळणीला येणारा एक यांतला फरक मुलालाही दाखवून द्यावा.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, मुलाचे मित्र घरी येऊ द्या. ओसरीवर बसू द्या, भाकरी खाऊ द्या. ज्या घरात मित्रांना मज्जाव, त्या घरचा मुलगा बाहेर जातो, आणि मग तो कोणात बसतो हे कळायला मार्ग राहत नाही. पोर दारात आले की त्याचे नाव विचारा, घरचे कसे आहेत विचारा. पुष्कळ ‘वाईट’ मुलांना कोणी तेवढेही विचारलेले नसते.

दुसरी गोष्ट, हाताला काम असलेली संगत मिळवून द्या. तालीम, वाचनालय, भजनी मंडळ, शेतकऱ्यांचा गट, गावातला क्रिकेटचा संघ, काहीही चालेल. नुसती बसणारी मंडळी आणि काही करणारी मंडळी यांत फार अंतर असते.

तिसरी गोष्ट मोबाइलची. आज मुलगा घरात, तुमच्या डोळ्यांसमोर असतो, आणि तरी तुमच्या संगतीत नसतो. पैसे लावून खेळायच्या खेळांनी घरे बुडू लागली, म्हणून २०२५ साली संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायदा घरात येऊन बसत नाही. निदान जेवताना सर्वांनी, बापानेसुद्धा, फोन बाजूला ठेवावा.

चौथी गोष्ट घरातल्या बायकांची. संगत म्हटले की आपण मुलांचेच बोलतो. नवी सून परक्या गावी येते, तिची सारी संगत एका दिवसात तुटते. तिला घरात कोंडून ठेवले तर तिचे मन कोमेजते. बचत गटात दहा ते वीस बाया एकत्र बसतात, तिथे तिला जाऊ द्या. एरवी बँकेची पायरी न चढणारी बाई गटाबरोबर ती चढते, सही करते, पैशाचा हिशेब विचारते. हाही गुण लागण्याचाच प्रकार.

पाचवी गोष्ट बापाची. पारावर दुपारभर पत्ते कुटणाऱ्या बापाने मुलाला संगतीवर व्याख्यान देऊ नये. शिवाय मोठ्यांनाही संगत लागतेच. अमक्याने लग्नात एवढा मांडव घातला म्हणून आपणही घालायचा, त्यासाठी पीककर्ज मोडायचे, सावकाराचे दार धरायचे. ही चारचौघांत डोळे फितूर झाल्याचीच खूण. अशा वेळी साध्या लग्नाचा निर्णय घेणारे एक जरी घर गावात उभे राहिले, तरी पुढच्या दहा घरांना धीर येतो. एका खऱ्या सोबत्याची किंमत इथेही तीच.

आणि मुलगा घसरलाच, तर? दार बंद करू नका. डॉ. बॉबही एकदा घसरले होते. घराची संगत ही त्याची पहिली संगत, आणि सगळे दूर झाल्यावर उरते तीही हीच. रागावा, पैसे देऊ नका, खोटे झाकू नका. पण जेवायला हाक मारा. परत यायला जागा ठेवा.

शेवटी एक विचार. आपण सगळे आपल्या मुलाला कोणाची संगत आहे हे पाहत बसतो. पण आपण स्वतः कोणाची संगत आहोत, आपला मुलगा दुसऱ्या कोणाची संगत आहे, हेही पाहायला हवे. शेजारच्या घरीही कोणीतरी आई दिवेलागणीला दारात उभी असते, आणि आपला पवळ्या कोणाशेजारी बांधला गेला आहे या काळजीत असते. तिच्या मुलाशेजारचा तो शांत बैल आपल्या गोठ्यातला निघाला, तर त्याहून मोठी कमाई शेतकऱ्याच्या घराला दुसरी कोणती?